टवाळीला उत्तर देताना : केल्सस आणि ओरिजेन



आपल्या मंडळीत हल्ली एक विषय वरचेवर निघतो. उपासना संपल्यावर आवारात निघतो, तरुणांच्या सभेत निघतो, घरोघरीच्या प्रार्थनेतही निघतो. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना कोणी 'बाटगे' म्हणून हिणवते. कामाच्या ठिकाणी कोणी हसत हसत विचारते, "तुमच्या आजोबांना किती पैसे मिळाले होते हो?" मोबाइलवर पवित्र मरियेविषयी असे विनोद येतात की घरातल्या लहानांच्या हाती तो मोबाइल द्यायला नको वाटते. मग आपल्यात दोन मते पडतात. काही जण म्हणतात, प्रभूने गप्प राहून सोसले, आपणही सोसावे. काही जण म्हणतात, किती दिवस ऐकून घ्यायचे, एकदा चांगले सुनावले पाहिजे.

दोन्ही बाजूंना पवित्र शास्त्राचा आधार काढता येतो. म्हणून या वेळी आपण मंडळीच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांकडे जाऊ या. हाच प्रश्न तेव्हाच्या ख्रिस्ती लोकांपुढेही होता, आणि आपल्यापेक्षा फार बिकट रूपात होता. त्यांच्यातल्या एकाने या प्रश्नाला कसे तोंड दिले ते आपल्याला चांगले ठाऊक आहे, कारण त्याने लिहिलेले ते उत्तर आजही वाचायला मिळते.

नाव आणि भिंत

सर्वांत आधी आपले नाव. 'ख्रिस्ती' हे नाव आपण स्वतः घेतलेले नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या अकराव्या अध्यायात लिहिले आहे की शिष्यांना हे नाव प्रथम अंत्युखियात मिळाले. मंडळीतले लोक एकमेकांना बंधू, शिष्य, पवित्र जन असे म्हणत. 'ख्रिस्ती' हे बाहेरच्यांनी ठेवलेले नाव होते, आणि त्यात थट्टेचा सूर होता असे बरेच अभ्यासक मानतात. नव्या करारात हा शब्द केवळ तीन ठिकाणी येतो. त्यातल्या एका ठिकाणी अग्रिप्पा राजा तो पौलापुढे उच्चारतो. तिसऱ्या ठिकाणी पेत्र आपल्या पहिल्या पत्रात सांगतो की ख्रिस्ती म्हणून दुःख सोसावे लागले तर त्याची लाज धरू नये. म्हणजे जे नाव हिणवायला वापरले जात होते, तेच पेत्राने मानाने धरायला शिकवले. आज बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर आपण ते अभिमानाने लिहितो.

दुसरी गोष्ट एका भिंतीची. रोम शहरातील पॅलाटाइन टेकडीवर बादशहांचे राजवाडे होते. तिथल्या एका इमारतीच्या भिंतीवर कोणीतरी अणकुचीदार वस्तूने कोरलेले एक चित्र एकोणिसाव्या शतकातील उत्खननात सापडले. बहुतेक अभ्यासक ते इ.स. २०० च्या सुमाराचे मानतात. चित्रात वधस्तंभावर एक आकृती आहे. तिचे शरीर माणसाचे आणि डोके गाढवाचे. खाली एक तरुण हात वर करून उभा आहे. बाजूला वेड्यावाकड्या ग्रीक अक्षरांत लिहिले आहे की अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतो आहे. वधस्तंभाचे जे सर्वांत जुने चित्रण आज शिल्लक आहे, त्यांत या टवाळीची गणना होते. आपल्या प्रभूचे जुने चित्र शोधायला जावे आणि हाती हे लागावे! त्याच इमारतीतील शेजारच्या खोलीत वेगळ्या हाताने लॅटिनमध्ये दोनच शब्द कोरलेले आढळले, ज्यांचा अर्थ 'अलेक्सामेनोस विश्वासू आहे' असा होतो. ते त्याने लिहिले की त्याच्या मित्राने, हे सांगता येत नाही. अलेक्सामेनोस कोण होता, त्याचे पुढे काय झाले, हेही कळत नाही.

गाढवाच्या डोक्याची ही थट्टा त्या काळी सगळीकडे चालत असे. उत्तर आफ्रिकेतील कार्थेज शहराचा तर्तुलियन इ.स. १९७ च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या ग्रंथात अशाच एका चित्राविषयी सांगतो. एका माणसाने गाढवाचे कान असलेला, एका पायाला खूर असलेला, हातात पुस्तक घेतलेला 'ख्रिस्ती लोकांचा देव' रंगवून लोकांत मिरवला होता. तर्तुलियन म्हणतो की ते नाव आणि तो आकार पाहून आम्हालाही हसू आले. हे वाचून आम्हाला बरे वाटते. प्रत्येक टवाळीने देवाचा अपमान होतो आणि तो आपणच थांबवला पाहिजे, असे त्या लोकांना वाटत नव्हते. वधस्तंभावर थुंकी आणि काट्यांचा मुगुट सोसलेल्या प्रभूला भिंतीवरचे ओरखडे काय करणार, हे त्यांना कळत होते.

केल्सस काय म्हणाला

पण सगळी टवाळी भिंतीवरच्या चित्रासारखी नसते. काही टीका अभ्यास करून केलेली असते आणि ती आत जाऊन बसते. इ.स. १७५ ते १८० च्या सुमारास केल्सस नावाच्या ग्रीक विद्वानाने ख्रिस्ती लोकांविरुद्ध एक ग्रंथ लिहिला. त्याचे नाव 'सत्य वचन' या अर्थाचे होते. तोवर लोक ख्रिस्ती लोकांविषयी ऐकीव गोष्टी बोलत, जसे की ते रात्री जमून माणसाचे मांस खातात, किंवा बंधुभगिनी म्हणवणारे हे लोक एकमेकांशी व्यभिचार करतात. केल्ससने आपली शुभवर्तमाने वाचली होती. आपल्यातले पंथभेद त्याला ठाऊक होते. त्यामुळे त्याचा मार नेमका बसत होता.

त्याने प्रभूच्या जन्माविषयी एक घाणेरडी कथा दिली. मरिया गरीब, सूत कातून पोट भरणारी बाई होती आणि पॅन्थेरा नावाच्या शिपायापासून तिला मूल झाले, अशी. पुनरुत्थान कोणी पाहिले, तर एका भ्रमिष्ट बाईने, असे तो म्हणाला. ख्रिस्ती लोक प्रश्न विचारू देत नाहीत, नुसता विश्वास ठेवा म्हणतात, असा त्याचा आक्षेप होता. हे लोक आपसांतच इतके फुटलेले आहेत की त्यांच्यात नावाखेरीज सामाईक काही उरलेले नाही, असाही. ख्रिस्ती आणि यहूदी यांच्या वादाला त्याने डबक्याभोवती सभा भरवणाऱ्या बेडकांची उपमा दिली.

सर्वांत झोंबणारी टीका आपल्या लोकांच्या गरिबीवर होती. तो म्हणाला की या धर्माचा प्रसार कोण करतो, तर लोकर विंचरणारे, चपला शिवणारे, कपडे धुणारे अडाणी लोक. घरच्या मालकापुढे त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, पण बायका आणि मुले एकटी सापडली की ते त्यांना शहाणपण शिकवतात. इतर पंथ आपल्या गुप्त विधींना शुद्ध आणि निर्दोष माणसांना बोलावतात. हे मात्र पाप्याला, चोराला, मूर्खाला या म्हणतात. असा कोणता देव असतो?

'तांदळासाठी बाटलेले' आणि 'पावासाठी बाटलेले' हे टोमणे ज्यांच्या आजी-आजोबांनी ऐकले आहेत, त्यांना केल्ससची ही भाषा परकी वाटणार नाही. गरिबाला स्वतःची अक्कल नसते, त्याचा विश्वास खरा असू शकत नाही, तो फसलेला किंवा विकला गेलेला असणार, हे गृहीत धरणे फार जुने आहे.

ज्याला उत्तर द्यायचे नव्हते तो

या ग्रंथाला उत्तर द्यायला जवळजवळ सत्तर वर्षे लागली. ते दिले ओरिजेनने.

ओरिजेन इ.स. १८५ च्या सुमारास इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरात जन्मला. तो सतरा वर्षांचा असताना सेप्टिमियस सेव्हेरस या बादशहाच्या काळात छळ झाला आणि त्याचे वडील लिओनिदेस यांना विश्वासासाठी मरण आले. मंडळीचा इतिहास लिहिणारा युसेबियस सांगतो की मुलालाही वडिलांमागे तुरुंगात जायचे होते, आणि बाहेर पडता येऊ नये म्हणून आईने त्याचे कपडे लपवून ठेवले. तेव्हा त्याने तुरुंगातल्या वडिलांना पत्र लिहिले की आमच्याकडे पाहून आपला निश्चय बदलू नका. त्याच्या मागे सहा धाकटी भावंडे होती. विरोध म्हणजे काय हे त्याला पुस्तकात वाचावे लागले नव्हते.

पुढे तो पॅलेस्टाइनमधील कैसरियात राहू लागला. तिथे त्याचा मित्र आणि आश्रयदाता अँब्रोसियस याने केल्ससचा ग्रंथ त्याच्यापुढे ठेवला आणि याला उत्तर दे म्हणून गळ घातली. तेव्हा इ.स. २४८ च्या सुमाराचा काळ होता. उत्तराच्या प्रस्तावनेत ओरिजेन पहिल्यांदा काय लिहितो, तर हे काम करावे असे मला वाटत नव्हते. प्रभूवर खोटे साक्षीदार उभे केले तेव्हा तो गप्प राहिला. पिलातापुढेही तो गप्प राहिला. त्याचे जीवन आणि त्याची कामे हेच त्याचे उत्तर होते. आजही प्रभूवर खोटे आरोप होतात आणि आजही तो गप्प आहे, त्याच्या खऱ्या शिष्यांचे जीवन त्याच्या वतीने बोलते. मी शब्दांनी बचाव मांडला तर हा खरा बचाव फिका पडेल की काय, अशी त्याला भीती वाटत होती.

मग त्याने लिहिले कशासाठी? त्याचेही कारण तो देतो. केल्सस मरून कितीतरी वर्षे झाली होती, त्यामुळे त्याला जिंकायचा प्रश्न नव्हता. ज्यांचा विश्वास दृढ आहे त्यांना या पुस्तकाची गरज नाही, असेही तो म्हणतो. पण ज्यांना ख्रिस्ताची अजून ओळखच नाही, आणि ज्यांचा विश्वास दुबळा आहे व असे काही वाचून डळमळू शकतो, त्यांच्यासाठी तो लिहितो.

आपल्या आवारातल्या वादाचा निकाल इथे अर्धाअधिक लागतो असे आम्हाला वाटते. स्वतःचा मान राखण्यासाठी किंवा टवाळखोराला गप्प करण्यासाठी उत्तर देण्याची गरज नाही. शेजारी बसून ऐकणारा कोणी गोंधळला असेल तर त्याच्यासाठी मात्र उत्तर दिले पाहिजे. ज्या मुलीला वर्गात चार जणांनी घेरून प्रश्न विचारले, तिला घरी आल्यावर 'सोडून दे' एवढेच सांगून चालणार नाही. तिच्या मनात आता तो प्रश्न आहे.

त्याने कसे उत्तर दिले

ओरिजेनने केल्ससचे म्हणणे थोडक्यात सांगून आपले भाषण लांबवले नाही. सुरुवातीला तसा विचार होता, पण पुढे त्याने पद्धत बदलली. केल्ससचे वाक्य घ्यायचे, ते जसेच्या तसे उतरवायचे आणि मग त्याला उत्तर द्यायचे, अशा रीतीने तो आठ भागांचा ग्रंथ पुरा केला. पॅन्थेराची कथा आपल्याला नुसती आठवली तरी शिसारी येते. ओरिजेनने तीही उतरवली, गाळली नाही.

उत्तरे देताना जिथे विरोधकाचे म्हणणे खरे आहे तिथे तो ते मान्य करतो. ख्रिस्ती लोकांत मतभेद आहेत का? आहेत. पण जे काही माणसाच्या जीवनाला उपयोगी असते त्याविषयी मतभेद होतातच, असे तो दाखवतो. वैद्यकात वेगवेगळे संप्रदाय आहेत, तत्त्वज्ञानातही आहेत, म्हणून कोणी वैद्यक टाकून देत नाही. आम्ही विश्वास ठेवा म्हणतो का? म्हणतो. कष्टकरी माणसाला सगळे तपासत बसायला सवड कुठे असते? आणि विश्वासावाचून कोणाचे चालते? दर्यावर्दी समुद्रात जातो, शेतकरी बी पेरतो, माणसे लग्न करतात, ती पुढे चांगले होईल या विश्वासानेच. मात्र ज्याला तपासायचे आहे त्याला आम्ही अडवत नाही, असेही तो सांगतो.

आणि पाप्यांना बोलावण्याचा आरोप? तोही तो नाकारत नाही. होय, आम्ही पाप्यांना बोलावतो, कारण वैद्य आजाऱ्याला बोलावतो. तो बरा झाला की त्याला अधिक खोल गोष्टी शिकवतो. गुलाम, बायका, मुले यांना आम्ही शिकवतो हेही खरे आहे, कारण त्यांनाही चांगले होता येते. केल्ससने जी लाजिरवाणी गोष्ट म्हणून पुढे केली, तीच ओरिजेनने शुभवर्तमानाचा गाभा म्हणून समोर ठेवली. 'आमच्यातही मोठमोठे लोक आहेत हो' असे म्हणून त्याने लोकर विंचरणाऱ्यांना मागच्या दाराने बाहेर काढले नाही. आपण कधी कधी नेमके हेच करतो. कोणी गरिबीवरून हिणवले की आपण आपल्यातले डॉक्टर, प्राध्यापक आणि अधिकारी मोजून दाखवतो. त्या वेळी मागच्या बाकावर बसलेल्या मोलकरणीला काय वाटत असेल?

ओरिजेन साधू होता आणि त्याचा तोल कधीच गेला नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. काही ठिकाणी त्याचा आवाज चढतो आणि तो केल्ससला टाकून बोलतो. तोही माणूसच होता. पण रागातही त्याने समोरच्याचे वाक्य मोडतोड करून मांडले नाही.

या प्रामाणिकपणाचे फळ फार विलक्षण आहे. केल्ससच्या ग्रंथाची एकही प्रत आज उरलेली नाही. आज जगात केल्ससविषयी जे काही वाचले जाते, ते जवळजवळ सगळे ओरिजेनच्या पानांतून घेतलेले आहे. ज्याला तो उत्तर देत होता, त्याचा आवाज त्यानेच आपल्यापर्यंत आणून पोचवला.

जाळलेले पुस्तक

आता याच्या अगदी उलट घडलेली गोष्ट ऐका. केल्ससनंतर शंभर वर्षांनी पोर्फिरी नावाचा आणखी मोठा विद्वान झाला. त्याने ख्रिस्ती लोकांविरुद्ध पंधरा भागांचा ग्रंथ लिहिला. युसेबियससारख्या ख्रिस्ती लेखकांनी त्याला मोठमोठी उत्तरे लिहिली. पण तोवर काळ पालटत होता. इ.स. ३१३ पासून छळ थांबला आणि राजसत्ता हळूहळू ख्रिस्ती लोकांच्या बाजूला आली. कॉन्स्टंटाइन बादशहाने पोर्फिरीचा ग्रंथ नष्ट करण्याचा हुकूम दिला. इ.स. ४४८ मध्ये तो जाळण्याचा हुकूम पुन्हा निघाला.

ग्रंथ नष्ट झाला. आज त्याचे इकडेतिकडे विखुरलेले तुकडे तेवढे मिळतात. पण त्याला आपल्या लोकांनी दिलेली ती मोठी उत्तरेसुद्धा हरवली. प्रश्नच जाळून टाकल्यावर उत्तर जपून ठेवायचे कोणी आणि कशासाठी? आणि प्रश्न तरी कुठे मेले? दानिएलाचे पुस्तक केव्हा लिहिले गेले याविषयी पोर्फिरीने काढलेली शंका आज अनेक ख्रिस्ती अभ्यासकही गांभीर्याने मांडतात.

याच काळातली आणखी एक घटना सांगितल्याशिवाय आम्हाला पुढे जाता येत नाही. इ.स. ४१५ मध्ये ओरिजेनच्याच अलेक्झांड्रिया शहरात हायपेशिया नावाच्या विदुषीला ख्रिस्ती जमावाने ठार मारले. ती गणित आणि तत्त्वज्ञान शिकवत असे. सॉक्रेटिस नावाच्या ख्रिस्ती इतिहासकारानेच लिहून ठेवले की या कृत्याने मंडळीला मोठा कलंक लागला. ज्या शहरात लिओनिदेसला मारले, त्याच शहरात दोनशे वर्षांनी मारणारे हात आपले होते.

म्हणून आम्हाला वाटते की विरोधात आपण कसे वागतो याची खरी परीक्षा दुबळे असताना निम्मीच होते. आपल्या हाती बळ आल्यावर उरलेली निम्मी होते. जिथे आपली वस्ती मोठी आहे, जिथे शाळा आपली आहे, जिथे आपण दहा आणि तो एक आहे, तिथे आपण इतरांच्या श्रद्धेविषयी कसे बोलतो?

शब्दांनंतर शरीर

ओरिजेनची गोष्ट पुस्तकापाशी संपत नाही. ते लिहून झाल्यावर थोड्याच काळात, इ.स. २५० च्या सुमारास, डेसियस बादशहाने हुकूम काढला की सर्वांनी देवांना यज्ञार्पण करावे आणि तसा दाखला घ्यावा. असे दाखले लिहिलेले पपायरसचे कागद इजिप्तमध्ये प्रत्यक्ष सापडले आहेत. अनेक ख्रिस्ती लोकांनी भीतीने दाखले घेतले. म्हातारा ओरिजेन तुरुंगात गेला. त्याच्या गळ्यात लोखंडी कडे घातले, पाय खोड्यात ताणून अडकवले, जाळण्याची धमकी दिली. तो मरावा असे त्यांना नको होते, तो वाकावा असे हवे होते. तो वाकला नाही. सुटल्यावर काही वर्षांतच, इ.स. २५४ च्या सुमारास, त्याचा अंत झाला. प्रस्तावनेत त्याने जे म्हटले होते की खरा बचाव शिष्यांच्या जीवनातून होतो, ते त्याला स्वतःच्या शरीराने खरे करून दाखवावे लागले.

त्याचा शिष्य दिओनिसियस पुढे अलेक्झांड्रियाचा बिशप झाला. त्याच्या वेळी शहरात भयंकर साथ आली. त्याच्या पत्रातून कळते की मंडळीतले लोक स्वतःच्या जिवाची पर्वा न करता आजाऱ्यांची शुश्रूषा करत होते, मेलेल्यांना मूठमाती देत होते, आणि त्यात त्यांच्यातले कितीतरी जण दगावले. थोड्याच वर्षांपूर्वी याच शहराने त्यांना घराबाहेर ओढून काढले होते.

आपल्या भाषेतली पाने

ही सगळी गोष्ट दूरच्या देशाची आणि दूरच्या काळाची झाली. पण मराठी ख्रिस्ती लोकांच्या इतिहासातही हीच दोन्ही रूपे दिसतात. इंग्रजी अमलात मिशनऱ्यांच्या पुस्तिकांत आणि चौकातल्या भाषणांत हिंदू देवदेवतांची टवाळी पुष्कळ होत असे. हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे, कारण आज आपल्याला जे ऐकावे लागते त्याची काही बीजे आपल्याच बाजूने पेरली गेली होती. १८५७ च्या सुरुवातीच्या महिन्यांत मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात गर्दीसमोर वादविवाद झाले. जॉर्ज बोवेन नावाचे अमेरिकन मिशनरी त्यांत होते. १८४८ मध्ये मुंबईत आलेले हे गृहस्थ शेवटपर्यंत इथेच साधेपणाने राहिले. या चर्चांचा वृत्तान्त त्याच वर्षी पुस्तकरूपाने छापला गेला. वाद कोणी जिंकला हे दोन्ही बाजू आपापल्या परीने सांगत. पण दोन माणसांनी वाळूत उभे राहून, हातघाईवर न येता, एकमेकांच्या देवाविषयी बोलावे आणि ते कागदावर उतरावे, ही ओरिजेनच्या वाटेवरची गोष्ट आहे.

आणि बेळगावचे बाबा पदमनजी आपल्याला विसरता येत नाहीत. १८३१ मध्ये बेळगावात जन्मलेल्या या माणसाचा बाप्तिस्मा १८५४ मध्ये बेळगावातच झाला. ज्या गावात लहानाचे मोठे झालो तिथेच, ओळखीच्या डोळ्यांसमोर, बाप्तिस्मा घेणे काय असते याची कल्पना करा. त्यांनी हिंदू धर्मावर कठोर टीकाही लिहिली, आणि तिची भाषा आज आपल्याला तशीच्या तशी वापरता येणार नाही. पण १८५७ मध्ये त्यांनी 'यमुनापर्यटन' लिहिले आणि विधवांचे हाल मराठी वाचकापुढे ठेवले. ज्या समाजाने त्यांना परके मानले, त्या समाजातल्या विधवांसाठी ते लिहीत होते. १८६३ मध्ये मोल्सवर्थच्या शब्दकोशाची त्यांनी केलेली संक्षिप्त आवृत्ती निघाली. ज्यांना 'आता तुम्ही आमचे नाही' असे ऐकावे लागले, त्यांनी मराठी भाषा सोडली नाही. तिची चाकरी केली.

मग आपण काय करावे

या इतिहासातून आम्हाला जे समजते ते साध्या शब्दांत मांडतो.

नुसती टवाळी असेल तर ती जाऊ द्यावी. जमले तर तर्तुलियनसारखे हसावे. मोबाइलवर आलेला घाणेरडा विनोद 'पाहा, काय लिहिले आहे' म्हणून आपणच दहा जणांना पाठवला तर प्रसार आपणच केला.

प्रश्न खरा असेल, किंवा ऐकणारा कोणी गोंधळला असेल, तर उत्तर द्यावे. पण आधी समोरच्याचे म्हणणे असे सांगता आले पाहिजे की तो स्वतः म्हणेल, 'होय, मला हेच म्हणायचे आहे.' तेवढे जमत नसेल तर अजून ऐकून घ्यावे. आणि आपल्याला उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगून अभ्यास करावा. पेत्राने आपल्या आशेविषयी उत्तर द्यायला नेहमी तयार राहण्यास सांगितले, पण त्याच वाक्यात ते सौम्यतेने द्यावे असेही सांगितले. आपण पहिला भाग पाठ करतो आणि दुसरा विसरतो.

टीका खरी असेल तर मान्य करावी. पेत्र हेही बजावतो की चोरी, खून किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ केल्याबद्दल कोणाला दुःख सोसावे लागू नये. आपल्या मंडळीतल्या भांडणांवर, पैशांच्या व्यवहारांवर किंवा आपल्यातही टिकून राहिलेल्या जातिभेदावर कोणी बोट ठेवले, तर तो छळ नव्हे.

आणि विरोध शब्दांच्या पुढे गेला, कोणाच्या अंगावर हात आला, प्रार्थना बंद पाडली गेली, तर कायद्याची मदत घेण्यात कमीपणा नाही. फिलिप्पैत पौलाला फटके मारून तुरुंगात टाकले आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप सोडायला आले, तेव्हा तो चोरासारखा निघून गेला नाही. आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे, असे त्याने सांगितले. पुढे त्याने कैसराकडे दादही मागितली. आपल्या देशाच्या राज्यघटनेचे पंचविसावे कलम प्रत्येकाला आपल्या विवेकाप्रमाणे धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य देते. ते आपल्याला जेवढे आहे तेवढेच आपल्या शेजाऱ्यालाही आहे. दाद मागणे आणि सूड घेणे यांत फरक आहे. पौलाने दाद मागितली, पण त्याआधीच्या रात्री त्याच तुरुंगाच्या नायकाचा जीव त्याने वाचवला होता.

शेवटी, सेवा थांबवू नये. ज्या शेजाऱ्याने टोमणा मारला त्याच्या घरी आजारपण आले तर डबा घेऊन जाणारे पहिले आपण असावे. त्याचे तोंड बंद व्हावे म्हणून नव्हे. अलेक्झांड्रियाच्या साथीत आपल्या लोकांनी हिशोब मांडला नव्हता, आपणही मांडू नये.

प्रार्थना

प्रभू येशू, तुझी टवाळी झाली तेव्हा तू उलट बोलला नाहीस, आणि मारणाऱ्यांसाठी तू प्रार्थना केलीस. आमच्या मुलांना तुझ्या नावाची लाज वाटू देऊ नकोस. कोठे गप्प राहावे आणि कोठे बोलावे याची समज आम्हांला दे. जे आम्हांला हसतात त्यांचे म्हणणे ऐकायला आम्हांला कान दे, आणि आमच्या हाती बळ येईल तेव्हा आमचे हात आवर. आमेन.